कुठे खणू नये : बेळगाव सीमाभागातील भूगर्भ सर्वेक्षणाचा प्रवास

जमिनीच्या पोटात काय आहे हे खणण्याआधी जाणून घेण्याचे शास्त्र मुख्यत्वे तेल आणि खनिजांच्या शोधातून वाढले. ज्यांच्याजवळ पैसा होता त्यांनी ते वापरले, आणि ज्यांना प्यायला पाणी हवे होते ते बहुधा त्याच्यापासून दूरच राहिले. सोसायटी ऑफ एक्स्प्लोरेशन जिओफिजिसिस्ट्स ही १९३० साली स्थापन झालेली तेलशोधकांची संस्था. तिने २००८ साली, त्सुनामीच्या आपत्तीचा धडा घेऊन, ‘जिओसायंटिस्ट्स विदाउट बॉर्डर्स’ हा उपक्रम सुरू केला आणि हीच उपकरणे गरजू वस्त्यांच्या कामी लावण्यास मदत देऊ केली. केनियातील काकुमा येथील निर्वासितांच्या छावणीसाठी पाण्याचा शोध घेण्याचे काम याच वाटेने झाले. आपल्याकडे हैदराबादची राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था १९६१ पासून आणि केंद्रीय भूजल मंडळ १९७० पासून कार्यरत आहे. ऑक्टोबर २०२१ मध्ये या दोघांनी जोधपूरहून हेलिकॉप्टरच्या साहाय्याने कोरड्या प्रदेशातील भूजलाचे नकाशे बनवण्याचे काम हाती घेतले. एवढे सगळे असूनही सीमाभागातल्या एखाद्या वाडीवर बोअरची जागा आजही घाईत, उधारीच्या पैशावर आणि नशिबाच्या भरवशावर ठरते. त्यामुळे भूशास्त्र शिकवणारे व शिकणारे असे आम्ही काही जण, एक विद्युतरोधमापक, तारांची भेंडोळी आणि पोलादी सळया गाडीत घालून मे महिन्यात बेळगाव जिल्ह्याच्या फेरीवर निघालो. मे मुद्दाम निवडला होता. या दिवसांत पाण्याची पातळी सर्वांत खाली गेलेली असते, म्हणून आता जे सापडेल त्यावर वर्षभर विसंबता येते.

सोमवार : उचगाव, कुद्रेमनी, जांभ्याचा पट्टा

बेळगावच्या पश्चिमेला चंदगडच्या हद्दीपर्यंत पसरलेला हा भाग रताळी आणि बटाट्याचा. माती तांबडी, खाली जांभा, आणि जांभ्याच्या खाली पांढरट-गुलाबी चिकणमातीचा थर; त्याही खाली सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा काळा कातळ, जो दख्खनच्या पठारावर सर्वत्र भाकरीच्या चवडीसारखा थरावर थर साचलेला आहे. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पावसाळ्यात विहिरी काठोकाठ भरतात आणि तितक्याच लवकर उतरतातही, कारण पाणी उताराच्या दिशेने झिरपून ओढ्याला मिळते. ते थांबते फक्त चिकणमातीच्या थरावर. म्हणून या पट्ट्यात प्रश्न असतो तो हा थर किती खोलीवर आहे आणि कोणत्या बाजूला कलला आहे, याचा.

पद्धत सांगायला सोपी आहे. एका सरळ रेषेत चार सळया ठोकायच्या; बाहेरच्या दोन सळयांतून जमिनीत वीज सोडायची आणि आतल्या दोन सळयांमध्ये विद्युतदाबाचा किती फरक पडतो ते मोजायचे. बाहेरच्या सळया जसजशा दूर न्याव्यात तसतशी वीज अधिक खोलवरून वाहते आणि मापनात खालच्या थरांचा वाटा वाढतो. प्रत्येक अंतराला आलेला विद्युतरोधाचा आकडा (तो ओहम-मीटरमध्ये मोजतात) आलेखाच्या कागदावर मांडला की एक वक्ररेषा तयार होते. कॉनराड श्लुंबर्जे यांनी १९१२ साली फ्रान्समध्ये या पद्धतीचे पहिले प्रयोग केले आणि सळयांची आमची मांडणी त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कोरडा जांभा विजेला भारी विरोध करतो, तिथे आकडा शेकड्यांत किंवा हजारांत जातो. चिकणमाती विजेला सहज वाट देते, तिथे तो दहा-वीस ओहम-मीटरवर येतो. उन्हाने तापलेल्या तांबड्या मातीत सळईला पुरेसा संपर्क मिळत नसल्याने प्रत्येक सळईच्या बुडाशी मिठाचे पाणी ओतावे लागले, आणि ते पाणी डोक्यावरून आणून देण्याचे काम शेतकऱ्याच्या घरच्या मावशींनी आपणहून अंगावर घेतले. ज्या घरात पिण्याचे पाणी मोजून वापरले जाते त्या घरातून मोजणीसाठी कळशी भरून यावी, याचा भार आमच्या मनावर दिवसभर राहिला.

या शेतात बोअरची शिफारस आम्ही केली नाही. चिकणमातीचा थर शेताच्या खालच्या अंगाला, जुन्या विहिरीकडे उतरत होता. त्या विहिरीचा गाळ काढून तळ थोडा खोल नेणे पुरेसे होते. बेळगाव शहराला हा अनुभव आहे. १९९५ च्या सुमारास पाणीटंचाई आली तेव्हा शहरातील जुन्या विहिरी साफ करून पुन्हा वापरात आणल्या गेल्या. टिळकवाडीची काँग्रेस विहीर तर १९२४ च्या अधिवेशनासाठी खणलेली.

मंगळवार : खानापूर, कणकुंबी

कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते. या डोंगरात पाऊस हजारो मिलिमीटर पडतो, आणि तरी एप्रिल-मे मध्ये वाड्यांवरच्या बायकांना झऱ्यासाठी दरी उतरावी लागते. पाणी पडते खूप, पण डोंगर ते धरून ठेवत नाही. धारवाडी काळातले, म्हणजे दख्खनच्या कातळाहून कितीतरी जुने, उभे कललेले खडक, वर जांभ्याची टोपी आणि मध्ये मातीचा पातळ थर, अशी इथली रचना आहे.

येथे आम्ही बोअरसाठी मोजणी केलीच नाही. एका वाडीचा झरा दरवर्षी अधिकाधिक लवकर आटतो आहे, त्याला पाणी कुठून येते एवढेच पाहायचे होते. उतारावर आडवी रेषा आखून थोड्या थोड्या अंतराने मापने घेतली, तेव्हा झऱ्याच्या वरच्या अंगाला एक ओलसर पट्टा स्पष्ट दिसला. जांभा आणि चिकणमाती यांची सीमा तिथे उघडी पडते. त्या पट्ट्यावरच वाडीतल्या काहींचा बोअर मारण्याचा विचार होता. तिथे बोअर लागला असता तर एका घराला पाणी मिळाले असते आणि वाडीचा झरा गेला असता. ही गोष्ट आम्ही देवळाच्या ओट्यावर बसून सर्वांसमोर सांगितली. वाडीतल्या एका वयस्क गृहस्थांनी विचारले, “मग आम्ही काय करायचं, सर?” वरच्या उतारावर समतल चर खणावेत, झाडोरा राखावा आणि झऱ्याला बांधीव तोंड करून टाकी बसवावी, असे उत्तर होते. हे काम बोअरपेक्षा हळू आहे आणि त्याला माणसे लागतात, हेही आम्ही लपवले नाही.

परतीच्या वाटेवर खानापूरच्या कौलांच्या भट्ट्या लागल्या. ज्या चिकणमातीमुळे झरे टिकतात तीच इथे भाजून घरांवर चढते.

बुधवार : कचरा डेपोच्या उतारावर

या गावाचे नाव लिहीत नाही, कारण अशी गावे प्रत्येक शहराच्या वेशीवर आहेत. शहराचा कचरा वर्षानुवर्षे एका खाणीत आणि तिच्या आजूबाजूला पडत आला आहे; पावसाळ्यात त्यातून काळे पाणी पाझरते. त्या पाण्यात विरघळलेले क्षार भरपूर असतात, आणि क्षारयुक्त पाणी विजेला फार सहज वाहू देते. त्यामुळे जमिनीखाली हे पाणी कुठवर पोहोचले आहे याचा माग विद्युतरोधाच्या मापनाने काढता येतो. यासाठी चार सळया पुरत नाहीत. एका रेषेत अनेक सळया ठोकून, बहुतारी केबलने जोडून, यंत्र आळीपाळीने त्यांतील चार-चार निवडते आणि जमिनीचा उभा छेद रंगांत मांडते.

छेद तयार झाला तेव्हा डेपोच्या पायथ्यापासून निघालेली कमी रोधाची जीभ ओढ्याच्या दिशेने सरकलेली दिसत होती. इथे एक सावधगिरी बाळगावी लागते. ओली चिकणमातीही नकाशावर अशाच रंगात दिसते. म्हणून चित्र पाहून निकाल देता येत नाही. नमुने कुठून घ्यायचे हे चित्रावरून ठरते आणि दूषितपणा प्रयोगशाळेतील तपासणीने ठरतो. आम्ही त्या जिभेच्या आतल्या, टोकावरच्या आणि पलीकडच्या विहिरींतून पाण्याच्या बाटल्या भरून घेतल्या. टोकाजवळच्या विहिरीच्या मालकीणबाई म्हणाल्या, “वापरायला चालवून घेतो, पण पोरांना प्यायला द्यायचं धाडस होत नाही.” त्यांच्या विहिरीच्या कठड्यावर पाण्याच्या जुन्या पातळ्यांच्या रेघा होत्या, आणि सर्वांत खालच्या रेघेखाली दगडाला तपकिरी, तेलकट झाक आली होती. वास मात्र येत नव्हता. वास नसलेले पाणी चांगलेच असते असे आपण सहज धरून चालतो, आणि नेमकी तिथेच अशा मोजणीची गरज असते. तपासणीचा अहवाल येईपर्यंत गावाने डेपोच्या वरच्या अंगाची विहीरच पिण्यासाठी वापरावी, असे आम्ही पंचायतीला लेखी कळवले.

गुरुवार : गोकाक

या दिवशी काम थोडे आणि पाहणे अधिक झाले. गोकाकजवळ घटप्रभा सुमारे ५२ मीटर खाली उडी घेते ती कलादगी गटाच्या वालुकाश्मावरून. हे खडक दख्खनच्या कातळाहून कितीतरी जुने आहेत आणि काही ठिकाणी त्यांच्यावरच लाव्हाचे थर येऊन बसलेले दिसतात. पाणी शोधणाऱ्याला या सीमेचे महत्त्व फार. एकाच तालुक्यात एका शेतात काळा कातळ, पुढच्या शेतात वालुकाश्म, आणि दोन्हींचे आकडे वाचण्याची रीत वेगळी. बेळगावहून आलेल्या माणसाने कातळाचे ठोकताळे इथे लावले तर तो शेतकऱ्याचे पैसे बुडवील.

शुक्रवार : कागवाड, उगार, कुडची

कृष्णाकाठी पाणी कमी नाही, उलट जास्त झाले आहे. काळी खोल जमीन, उसाला पाटाने दिलेले भरमसाट पाणी आणि निचऱ्याचा अभाव यांमुळे भूजल वर चढते, मुळांशी येते, बाष्प होऊन उडते आणि क्षार मागे ठेवते. सांगली-कोल्हापूरकडे या जमिनीला क्षारपड म्हणतात, तोच शब्द इथेही चालतो. मे महिन्यात अशा शेतात पांढरा पापुद्रा पसरलेला असतो. त्यावरून चालताना पायाखाली तो बारीक करकरतो, आणि खाली माती मात्र ओली, चिकट असते.

येथे सळया न ठोकता, हातात धरून चालायचे विद्युतचुंबकीय उपकरण वापरले. ते जमिनीत सूक्ष्म प्रवाह निर्माण करते आणि जमीन त्याला कसा प्रतिसाद देते ते नोंदवते. क्षार जितके अधिक तितका आकडा वर जातो. शेतभर आडव्या-उभ्या रेघांनी चालून केलेल्या नकाशात क्षारांचा जोर सारखा नव्हता, तर जुन्या, बुजवलेल्या एका ओघळीच्या कडेने तो एकवटलेला होता. ओघळ बुजवली तेव्हा जमीन वाढली असे वाटले होते; प्रत्यक्षात निचऱ्याची नैसर्गिक वाट बंद झाली होती. जमिनीखाली सच्छिद्र नळ्या पुरून निचरा करण्याचा खर्च मोठा असतो, आणि सगळ्या शेतात त्या पुरण्याऐवजी आधी या ओघळीच्या रेषेत पुराव्यात, एवढे जरी नकाशाने सांगितले तरी शेतकऱ्याच्या कर्जातला मोठा भाग वाचतो.

शनिवार : अथणीचा उत्तर भाग

कृष्णा मागे टाकून जतच्या हद्दीकडे निघाले की हिरवा रंग भराभर संपतो. पर्जन्यछायेतला हा प्रदेश, वर थोडी काळी माती, तिच्याखाली मुरूम आणि मग अखंड कातळ. ज्या वस्तीवर आम्ही उतरलो तिथल्या शेतकऱ्याने चहा व्हायच्या आतच सांगून टाकले, “सर, माझ्या रानात भोकंच भोकं हाईत, पाणी एकातबी न्हाई.”

ती भोके पाहण्यासाठी आम्ही त्यांच्याबरोबर रानात गेलो. साडेसहा इंची बोअर, आणि वरच्या मातीत त्याचे तोंड ढासळून परातीएवढे रुंद झालेले. बोअर कोरडा गेला की मातीच्या भागातला केसिंग पाइप पुढच्या बोअरसाठी उपसून काढला जातो, कारण पाइपाला पैसे पडतात. मग भोकाला आधार उरत नाही. एका तोंडावर शहाबादी फरशीचा तुकडा होता, दुसऱ्यावर गोणपाट टाकून त्यावर दगड ठेवलेले, तिसऱ्यावर काहीच नव्हते. कडेला वाकून छोटा खडा टाकला; तो भिंतीला लागत लागत बराच वेळ वाजत गेला आणि पाण्याचा आवाज आला नाही. त्याच बांधावरून वस्तीवरची मुले शाळेला जातात.

याच तालुक्यात झुंजरवाड येथे एप्रिल २०१७ मध्ये सहा वर्षांची एक मुलगी उघड्या बोअरमध्ये पडली आणि तिला वाचवता आले नाही. एप्रिल २०२४ मध्ये शेजारच्या विजयपूर जिल्ह्यात, इंडी तालुक्यातील लच्याण येथे, दोन वर्षांच्या आतला मुलगा असाच पडला आणि रात्रभराच्या प्रयत्नांनंतर जिवंत बाहेर आला. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१० मध्येच सूचना घालून दिल्या आहेत : खणण्यापूर्वी पंधरा दिवस आधी कळवणे, कुंपण आणि फलक लावणे, केसिंगभोवती सिमेंटचा ओटा बांधणे, तोंडाला पोलादी झाकण जोडणे, आणि सोडून दिलेला बोअर माती, वाळू, दगड किंवा खणताना निघालेला भुगा यांनी तळापासून जमिनीपर्यंत भरून काढणे. सूचना स्पष्ट आहेत. परंतु कोरड्या बोअरच्या कर्जाखाली दबलेल्या माणसाला त्याच भोकावर आणखी खर्च करा असे सांगणे कठीण जाते, आणि म्हणून ती भोके तशीच राहतात. भूगर्भ सर्वेक्षणाला मी मानवतेचे काम म्हणतो ते या कारणासाठी. जो बोअर मारायला नको होता तो मारला गेलाच नाही, तर कर्जही होत नाही आणि भोकही राहत नाही.

दुपारी मोजणी सुरू केली तेव्हा वस्तीवरचे पाणाड्या आजोबा हातात नारळ घेऊन आले आणि बाजूला बसून राहिले. परिसरातल्या अनेक विहिरींच्या जागा त्यांनी दाखवलेल्या. वारूळ, उंबर, शिंदीची रांग यांवरून पाण्याचा अंदाज बांधण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी. सहाव्या शतकात वराहमिहिराने ती सविस्तर लिहून ठेवली आहे, आणि उथळ पाण्यापुरती तिच्यातली काही निरीक्षणे आजही पटतात. आजोबांनी विचारले, “ह्यो तुमचा काटा पानी दावतो व्हय?” आम्ही म्हणालो, “नाही आजोबा, पाणी दाखवत नाही. खाली खडक कसा आहे तेवढं सांगतो. पाणी असेल की नाही याचा अंदाज त्यावरून आपण बांधायचा.” ते समाधानाने हसले आणि पुढे तारा ओढायला त्यांनी नातवाला पाठवले.

वक्ररेषा हळूहळू उमटत गेली. काळ्या मातीचा आकडा दहाच्या आत. मग मुरमाचा तीस-पस्तीसच्या घरात. आणि त्यानंतर रेषा जी चढायला लागली ती सरळ चढतच राहिली, कुठेही वाकली नाही. दख्खनच्या कातळात साधारणपणे झिजलेला खडक वीस ते चाळीस, भेगाळलेला किंवा सच्छिद्र खडक चाळीस ते सत्तर आणि घट्ट कातळ त्याहून वर, असा ठोकताळा आहे. चढत्या रेषेला मध्येच वाक आला तर खाली भेगांचा किंवा दोन लाव्हाथरांमधला पट्टा असण्याची आशा धरता येते. इथे तसा वाक नव्हता. आणखी खोल जाऊन फायदा नाही, हे त्या शेतकऱ्याला सांगणे भाग होते, ते ऐकून तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला आणि मग म्हणाला, “हे पयलं कुणी सांगितलं असतं तर बैलजोडी ऱ्हायली असती.”

संध्याकाळी वस्तीच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या वळणावर पुन्हा सळया ठोकल्या. तिथे रेषेला वाक होता, मुरमाचा थरही जाड होता. आजोबांनी पूर्वी तिथल्याच उंबराकडे बोट दाखवले होते, हे सर्वांच्या लक्षात आले आणि आम्हालाही ते मोकळेपणाने सांगायला आनंद वाटला. अडचण दुसरीच होती. ती जमीन भावकीतल्या दुसऱ्या घराची.

रविवार : वस्तीची बैठक

सकाळी मारुतीच्या देवळापुढे सगळे जमले. आलेखाची मोठी प्रत भिंतीला लावली आणि प्रत्येक चढ-उतार म्हणजे काय ते सांगितले. ओढ्याकाठचा वाक ओल्या भेगांमुळे असेल तसाच मातीने भरलेल्या भेगांमुळेही असू शकेल, आणि दोन्हींचा आकडा सारखाच येतो, हेही सांगितले. ही शंका लपवून ठेवणारा सर्वेक्षक पुढच्या वर्षी त्या गावात तोंड दाखवू शकत नाही, आणि दाखवूही नये.

भावकीतले थोरले तात्या बराच वेळ गप्प होते. एकाच्या नावाचा बोअर आपल्या रानात होऊ देणार नाही, पण पंचायतीची, सगळ्या वस्तीची विहीर होणार असेल तर जागा लिहून देतो, असे ते शेवटी म्हणाले. खोल बोअरपेक्षा रुंद विहीर तिथे अधिक योग्य आहे, कारण पाणी मुरमात आणि वरच्या भेगाळ खडकात असण्याचा संभव आहे. त्यामुळे आमचाही त्याला पाठिंबा होता.

मग कोरड्या बोअरचा विषय काढला. शनिवारी फिरताना प्रत्येक उघड्या तोंडाची जागा आम्ही नकाशावर टिपली होती. ती यादी वाचून दाखवली तेव्हा एका आईने आमच्या यादीत नसलेले आणखी एक भोक सांगितले, गोठ्यामागचे, कडब्याखाली झाकलेले. यांतले एखादे भोक पुनर्भरणासाठी वापरता येईल का, असे एका तरुणाने विचारले. खाली भेगाच नसतील तर पाणी जिरणार नाही, आणि गाळणी न करता ओढ्याचे पाणी सोडले तर घाणच खाली जाईल, म्हणून ओढ्याजवळचा एक बोअर पुढे तपासण्यासाठी झाकण बसवून राखावा आणि बाकीचे भरून टाकावेत, असे ठरले. मुरमासाठी दोन ट्रॅक्टर तात्यांनी देऊ केले, भरायचे काम वस्तीवरच्या पोरांनी घेतले. सुरुवात गोठ्यामागच्या भोकापासून करायची आणि सगळी भोके भरून झाल्याशिवाय विहिरीची मोजणी लावायची नाही, असे पंचायतीच्या वहीत लिहून त्याखाली सर्वांच्या सह्या घेतल्या. आजोबांनी अंगठा उठवला.